रेघ ओढणे सोपे, तिच्यावर विसंबणे अवघड

संख्याशास्त्राचे नाव काढले की सभेतील निम्मे लोक घड्याळाकडे पाहू लागतात, हे आम्हास ठाऊक आहे. तरीही आज हाच विषय आम्ही हेतुतः निवडला आहे. ‘अमुक इतके वाढले की तमुक इतके वाढते’ अशी विधाने आपण रोज वाचतो. खताची मात्रा आणि पीक, मिठाचे प्रमाण आणि रक्तदाब, शिक्षणाची वर्षे आणि मिळकत, असे त्यांचे विषय असतात. ह्या विधानांच्या मागे पुष्कळदा एकच हत्यार असते. त्याला मराठीत कोणी समाश्रयण म्हणतात, कोणी प्रतिगमन. पूर्वी ते मोजक्या तज्ज्ञांच्या हाती होते. आज संगणकामुळे ते कोणाच्याही हाती आले आहे. परंतु हत्यार हाती आले म्हणजे ते चालवता आले, असे नव्हे.

प्रथम मूळ कल्पना पाहू. रिक्षाचे भाडे आपण सगळेच जाणतो. बसताक्षणी एक ठरावीक रक्कम पडते आणि पुढे दर किलोमीटरला ठरावीक भर पडत जाते. आलेखावर मांडले तर ह्याची सरळ रेघ होते. पण निसर्ग आणि समाज असे मीटर लावून चालत नाहीत. तेथे ठिपके विखुरलेले असतात आणि त्यांच्यामधून एक रेघ ओढावयाची असते. कोणती? तुम्ही एक ओढाल, आम्ही दुसरी. हा तंटा मिटवण्याचा मार्ग फ्रेंच गणिती लजांद्र ह्याने १८०५ साली धूमकेतूंच्या कक्षांवरील पुस्तकात छापून प्रसिद्ध केला. प्रत्येक ठिपका रेघेपासून उभ्या दिशेने किती दूर आहे ते मोजा, त्या अंतराचा वर्ग करा, सर्व वर्गांची बेरीज घ्या; ज्या रेघेची बेरीज सर्वांत लहान, ती रेघ खरी मानावी. वर्ग का? तर वरची आणि खालची चूक एकमेकींना खाऊन टाकू नयेत म्हणून. आणि मोठ्या चुकीला मोठा दंड व्हावा म्हणून. दोनाच्या चुकीला चार, तर दहाच्या चुकीला शंभर! पुढे १८०९ मध्ये गाउसने ‘ही रीत मी १७९५ पासून वापरतो आहे’ असे सांगितले आणि दोघांत वाद माजला. विद्वानही शेवटी माणसेच.

प्रतिगमन हे नाव मात्र इंग्लंडातील फ्रान्सिस गॉल्टन ह्याच्याकडून आले. १८८६ साली त्याने ९२८ प्रौढ अपत्यांच्या उंचीची त्यांच्या आईबापांच्या उंचीशी तुलना केली. त्याला दिसले ते असे : उंच आईबापांची मुले सरासरीहून उंच निघतात खरी, पण आईबाप सरासरीपासून जितके दूर, त्याच्या सुमारे दोनतृतीयांशच मुले दूर असतात. ह्या मागे फिरण्यालाच त्याने हे नाव दिले.

आता संगणकाकडे वळू. आम्ही ज्या साधनावर शिकलो त्याचे नाव ‘आर’. न्यूझीलंडमधील ऑक्लंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन ह्या दोघांनी १९९० नंतरच्या वर्षांत ते रचले. त्याला पैसे पडत नाहीत, हा त्याचा पहिला गुण. दुसरा गुण असा की नवशिक्यासाठी काही तयार आकडे त्याच्या पोटातच ठेवलेले आहेत. त्यांतला एक संच १९२०च्या दशकातील मोटारींचा आहे. ५० नोंदी, प्रत्येकीत गाडीचा वेग ताशी किती मैल आणि थांबण्यास किती फूट लागले, एवढेच.

आज्ञा एका ओळीची. ‘एलएम’ अशी दोन अक्षरे, मग कंसात आधी अंतर, मध्ये लाटेसारखी एक खूण, नंतर वेग. म्हणजे ‘अंतर हे वेगावरून सांग’. येथेच आम्ही पहिली ठेच खाल्ली. आम्ही क्रम उलटा दिला. ‘रेघ तीच, इकडून पाहिली काय नि तिकडून पाहिली काय’ असा आमचा समज. पण सरळ क्रमाने दर मैलाला ३.९३ फूट मिळतात, तर उलट क्रमाच्या उत्तरावरून हिशेब केला तर ६.०४ फूट! कारण सरळ क्रमात अंतराच्या चुका लहान केल्या जातात, उलट क्रमात वेगाच्या. काय माहीत आहे आणि काय सांगावयाचे आहे, हे आधी ठरवावे लागते. ते संगणक ठरवीत नाही.

क्रम सुधारल्यावर उत्तर आले : अंतर बरोबर उणे १७.५८ अधिक ३.९३ गुणिले वेग. शेजारी आणखी आकडे होते. ३.९३ ची प्रमाण-त्रुटी ०.४२, म्हणजे खरा चढ साधारण ३.१ ते ४.८ ह्यांच्या दरम्यान असावा. अंतरांतील चढउतारापैकी सुमारे ६५ टक्के भाग वेगाने उलगडतो, असेही कळले. आम्ही हरखून गेलो. मग वेग ४ मैल घालून पाहिला. उत्तर आले, उणे १.८५ फूट! म्हणजे ब्रेक दाबताच गाडी मागे सरकून उभी राहिली! हसू आले आणि डोळेही उघडले.

खरा धोका हसू न आणणाऱ्या उत्तरात असतो. आम्ही वेग ६० मैल घातला. संगणकाने निमूटपणे २१८ फूट सांगितले. आकडा कसा सुबक, समंजस! पण नोंदींतला सर्वांत मोठा वेग २५ मैल होता. त्यापलीकडचे संगणकाला काहीच ठाऊक नाही. पदार्थविज्ञान तर सांगते की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट तर अंतर चौपट. त्या मोटारींना २१८ फुटांहून कितीतरी अधिक रस्ता लागला असता. ह्या आकड्यावर भरवसा ठेवून कोणी पुढच्या गाडीपासून अंतर राखले, तर चुकीचे मोल जिवाने मोजावे लागेल.

नोंदींच्या कक्षेतसुद्धा एकच आकडा सांगणे पुरेसे नसते. २० मैलांना रेघ ६१ फूट म्हणते. प्रत्यक्ष नोंदी पाहाव्यात, तर ३२, ४८, ५२, ५६ आणि ६४. एका नव्या गाडीविषयी प्रामाणिक उत्तर हवे असेल, तर ‘सुमारे ३० ते ९२ फूट’ असेच म्हणावे लागते. ‘आर’ हेही सांगतो. मात्र मुद्दाम विचारावे लागते.

शेवटी एक धडा, जो आम्हास सर्वांत मोलाचा वाटला. १९७३ साली फ्रान्सिस अँस्कोम ह्या संख्याशास्त्रज्ञाने अकरा-अकरा ठिपक्यांचे चार संच प्रसिद्ध केले. चारही संचांची सरासरी जवळजवळ तीच, सहसंबंध ०.८२, रेघही तीच : ३ अधिक अर्धा पट. आकड्यांवरून ती चार जुळी भावंडे. पण कागदावर ठिपके मांडले, तर पहिल्यात साधा विखुरलेला चढ, दुसऱ्यात वाकलेली कमान, तिसऱ्यात सरळ रांग सोडून भटकलेला एक ठिपका, आणि चौथ्यात एकाच उभ्या ओळीत दहा ठिपके नि दूर उभा असलेला अकरावा. त्या एका ठिपक्यावरच सारी रेघ तोललेली! म्हणून आमचा नियम असा : आधी ठिपके डोळ्यांनी पाहावेत, मग रेघ ओढावी, आणि रेघेपासून उरलेल्या चुका पुन्हा मांडून पाहाव्यात.

तेव्हा श्रोतेहो, उद्या कोणी तुमच्यासमोर असा आकडा ठेवला, तर बिचकू नका आणि भाळूही नका. तीन प्रश्न विचारा. नोंदी किती आणि कोणत्या कक्षेतल्या? ठिपके मांडून पाहिले काय? आणि दोन गोष्टी बरोबर वाढल्या एवढ्यावरून एक दुसरीचे कारण आहे, हे कशावरून? हे तिन्ही प्रश्न विचारण्यास संगणक लागत नाही.