तळाशी लिहिलेला इतिहास : जुन्या युरोपीय चिनी मातीच्या मूर्ती आणि मराठी घरे

मराठीत ‘चिनी माती’ हा शब्द इतका रुळला आहे की लोणच्याची बरणी, चहाची कपबशी आणि काचेच्या कपाटात जपलेली परदेशी बाहुली या तिन्हींना तो सारख्याच सहजतेने लावला जातो. त्यामुळे या तिन्हींच्या मातीत आणि भट्टीत किती अंतर आहे, याचा विचार सहसा होत नाही. मातीच्या भांड्यांचे मुख्य प्रकार तीन. कमी तापमानात भाजलेली, पाणी झिरपू देणारी मातीची भांडी हा पहिला प्रकार. कुंभाराचा माठ त्यातला, आणि कथिलयुक्त पांढऱ्या झिलईचा थर दिलेली हॉलंडमधील डेल्फ्टची निळी-पांढरी भांडीही त्यातलीच. अधिक तापमानात भाजून घट्ट झालेली, पाणी न शोषणारी दगडी भांडी हा दुसरा प्रकार असून लोणच्याच्या बरण्या त्यात येतात. केओलिन नावाची शुभ्र माती आणि विशिष्ट खडकाची भुकटी यांचे मिश्रण सुमारे १३०० ते १४०० अंश सेल्सिअसवर भाजले की ते काचेसारखे एकजीव होते व उजेडासमोर धरल्यास किंचित पारदर्शक दिसते. हे पोर्सेलिन, म्हणजे खऱ्या अर्थाने चिनी माती, हा तिसरा प्रकार. युरोपातील जुन्या मातीकामाचा संग्रह करणाऱ्याचे शिक्षण या भेदापासून सुरू होते. माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवून पाहण्याची सवय ज्या घरांत आहे, त्या घरांना हा भेद कानाने ओळखणे अवघड जाऊ नये, कारण अखंड पोर्सेलिनचा नाद घंटेसारखा स्वच्छ येतो आणि तडा गेलेल्या वस्तूचा बद्द.

चीनला शतकानुशतके अवगत असलेली ही विद्या युरोपला अठराव्या शतकापर्यंत साधली नव्हती, आणि ती साधल्यानंतरही चिनी मालाची ओढ किती होती हे एका सौद्यावरून कळते. सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस याने १७१७ साली प्रशियाच्या राजाला आपले ६०० घोडेस्वार देऊन त्यांच्या बदल्यात १५१ चिनी पोर्सेलिनच्या वस्तू घेतल्या. याच ऑगस्टसने सोने बनवून देण्याची बढाई मारणाऱ्या योहान फ्रीडरिख ब्योटगर या तरुण किमयागाराला कैदेत ठेवले होते. त्याच्याकडून सोने निघाले नाही. मात्र चिर्नहाउस या विद्वानाच्या मार्गदर्शनाखाली प्रयोग करता करता १७०८च्या सुमारास त्याला पोर्सेलिनचे रहस्य सापडले आणि १७१० साली माइसन येथील किल्ल्यात युरोपातील पहिला खरा पोर्सेलिन कारखाना सुरू झाला.

माइसनच्या मूर्तींना कलेच्या पदवीला नेले ते योहान योआखिम केन्डलर या शिल्पकाराने. तो १७३१ साली कारखान्यात आला. तोवर युरोपातील राजेरजवाड्यांच्या मेजवान्यांत शेवटच्या पदार्थाच्या वेळी साखरेच्या व मेणाच्या लहान मूर्ती मांडण्याची रीत होती. केन्डलरच्या पोर्सेलिनच्या विदूषकांनी, मेंढपाळांनी आणि वाद्ये वाजवणाऱ्या माकडांनी त्यांची जागा घेतली. आज काचेच्या कपाटात एकटी उभी असलेली मूर्ती मुळात एकटी उभी राहण्यासाठी घडलेली नव्हती, ती एका आराशीचा भाग होती. मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या आणि खेळणी मांडण्याची आपली रीत, किंवा विदर्भात महालक्ष्म्यांपुढे होणारी आरास, यांच्यामागेही हाच भाव आहे : एरवी कपाटात असलेल्या लहान वस्तूंना वर्षातून एकदा एकत्र आणून त्यांचे एक छोटे जग उभे करायचे.

अशी मूर्ती तयार करण्याची पद्धत समजली की तिचे मोल समजते. शिल्पकाराने केलेल्या मूळ नमुन्याचे डोके, हात, धड, झाडाची फांदी असे तुकडे पाडून प्रत्येकाचा वेगळा साचा घेतला जाई. साच्यांतून निघालेले भाग पातळ मातीच्या घोळाने जोडत आणि सांधे बोटाने व कोरणीने मिटवत. भट्टीत पोर्सेलिन सुमारे एक षष्ठांशाने आकसते, म्हणून बारीक बोटांना व लांब हातांना टेकू द्यावे लागत, आणि तरीही कित्येक मूर्ती भट्टीतच वाकत. त्यानंतर झिलई, मग रंग, मग सोने, आणि त्या त्या वेळी पुन्हा भाजणी. फ्रान्समध्ये व्हॅन्सेन येथे सुरू होऊन १७५६ साली सेव्हर येथे गेलेल्या राजाश्रयी कारखान्याने यातील एक टप्पा मुद्दाम गाळला. मूर्तीला झिलईच न देता ती संगमरवरासारखी निस्तेज पांढरी ठेवण्याची ही पद्धत ‘बिस्क’ म्हणून ओळखली जाते. झिलईचा थर नसल्यामुळे चेहऱ्यावरची रेष बुजत नाही, पण चूकही लपत नाही. या कामाला लागणाऱ्या हाताची कल्पना त्यावरून यावी.

इंग्लंडची वाट वेगळी होती. तेथे अठराव्या शतकाच्या अखेरीस जनावरांच्या हाडांची राख मोठ्या प्रमाणात मिसळून केलेले ‘बोन चायना’ प्रचलित झाले, आणि स्टॅफर्डशर परगण्यातील कुंभारवस्त्यांनी राजवाड्यांऐवजी कामगारांच्या घरांसाठी साध्या मातीच्या स्वस्त मूर्ती काढल्या. या मूर्ती शेकोटीवरच्या फळीवर भिंतीला टेकून उभ्या राहत, म्हणून त्यांची पाठ सपाट ठेवली जाई व रंगकाम केवळ पुढून केले जाई. संग्राहक त्यांना ‘फ्लॅटबॅक’ म्हणतात. कारखान्यांत लहान मुलेही राबत, हे त्या गोजिरवाण्या चेहऱ्यांकडे पाहताना विसरता येत नाही.

भारतीय संग्राहकाच्या दृष्टीने स्टॅफर्डशरचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. वर्तमानपत्रांतील बातम्या मातीत उतरवण्याची या कुंभारांना खोड होती, आणि त्या बातम्यांत हिंदुस्थान वारंवार येई. बक्सरच्या लढाईतील सेनापती हेक्टर मन्रो याचा मुलगा १७९२ साली बंगालमधील सागर बेटावर वाघाच्या तोंडी सापडून मेला. त्यानंतर तीसएक वर्षांनी स्टॅफर्डशरमध्ये वाघाने जबड्यात धरलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याचा एक मातीचा समूह निघाला, त्याच्या पायथ्याशी ‘मन्रोचा मृत्यू’ अशी अक्षरे आहेत, आणि टिपू सुलतानाच्या प्रसिद्ध लाकडी वाघाशी त्याचे साम्य अभ्यासकांना नेहमीच खुणावत आले आहे. १८५७च्या उठावानंतर कानपूरवर नानासाहेब पेशव्यांच्या सैन्याशी लढलेला हॅव्हलॉक आणि लखनौचा सेनापती कॉलिन कॅम्बेल यांच्या मूर्ती इंग्लंडमधील घराघरांत पोहोचल्या. मराठी इतिहासात ज्यांची नावे शत्रू म्हणून येतात, ती माणसे तिकडच्या फळीवर गुलाबी गालांनी उभी आहेत, हे पाहिल्यावर इतिहासाची दुसरी बाजू कोणत्याही पुस्तकापेक्षा लवकर डोळ्यांत भरते. स्पोड या कारखान्याने १८१०च्या दशकात काढलेल्या निळ्या छपाईच्या थाळ्यांवरही हिंदुस्थानातील शिकारीची दृश्ये आहेत. ती थॉमस विल्यमसनच्या शिकारविषयक ग्रंथातील चित्रांवरून घेतली होती.

उलट दिशेचा प्रवास अधिक हृद्य आहे. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला आणि कालांतराने फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी, सरस्वती, यशोदा-कृष्ण यांच्या चित्रांनी घरोघरच्या देवांचे रूप ठरवून टाकले, आणि याच रूपांवर बेतलेल्या पोर्सेलिनच्या मूर्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जर्मनीत घडून भारतीय बाजारात येऊ लागल्या. त्यांच्या चेहऱ्यांवर माइसनच्या मेंढपाळणींची छाया दिसते, साडीच्या चुण्या युरोपीय झग्यासारख्या पडतात, तरी हातातले कमळ आणि वीणा ओळखीची आहेत. ज्या कारागिराने हे केले त्याने आयुष्यात पैठणी पाहिली नसेल, पण समोरच्या छापील चित्राकडे त्याने लक्षपूर्वक पाहिले होते, हे त्या मूर्तीच सांगतात. पहिल्या महायुद्धाने १९१४ साली जर्मन मालाची आवक थांबली आणि बाजारात जपानी माल शिरला. पुढच्या दशकांत घरांच्या भिंतींवर बसलेल्या देवादिकांच्या उठावदार चित्रफरश्या बहुधा जपानी असतात. युरोपीय मातीकामाचा संग्रह महाराष्ट्रात बसून करू पाहणाऱ्याने माइसनच्या स्वप्नात पैसा घालवण्यापेक्षा या जर्मन देवमूर्तींकडे वळावे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. माइसनचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. या मूर्तींचा अजून पुरता व्हायचा आहे, आणि तो करण्यास लागणारे भाषेचे व घरांतील आठवणींचे ज्ञान येथेच आहे.

मातीच्या या देवघेवीत मुंबईने आपली भरही घातली. १८५७ साली सुरू झालेल्या जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी १८७०च्या दशकात मातीकामाची शाखा उभी केली, सिंधमधील झिलईकामाची परंपरा तेथे आणली आणि भांड्यांवर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील आकृती उतरवल्या. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली शाळेचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करत होते, त्याच कामाचा हा धागा. ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ या नावानेही ओळखले जाणारे हे काम आज भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात पाहता येते, आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही आहे.

महाराष्ट्रात युरोपीय वस्तू जाणतेपणाने जमवणाऱ्यांत सर रतन टाटा (१८७१-१९१८) यांचे नाव आधी घ्यावे लागते. टेम्सकाठचे त्यांचे यॉर्क हाउस आणि मुंबईचे घर यांत जमलेला संग्रह त्यांच्या निधनानंतर मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाकडे, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाकडे आला. त्या संस्थेचे दार १९२२ साली जनतेसाठी उघडले. १९३३ साली वडील बंधू सर दोराब यांचा संग्रहही तेथेच दाखल झाला. त्यांत युरोपीय चित्रांबरोबर चिनी, जपानी आणि युरोपीय सजावटी वस्तू आहेत. विदर्भातील अभ्यासकाला मुंबईइतकेच हैदराबादही सोयीचे आहे. तेथील सालारजंग संग्रहालयात, जे १९५१ साली सुरू झाले, माइसन-ड्रेस्डेन, सेव्हर आणि इंग्लंडमधील वेजवुड यांचे काम दालनभर आहे. गोव्यात पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो यांनी १९३५ साली केलेल्या निळ्या चित्रफरश्या आहेत. पोर्तुगीज भाषेत अशा फरशीला ‘अझुलेजू’ म्हणतात.

विकत घेताना वस्तू उलटी करून तळ पाहणे हा संग्राहकाचा पहिला संस्कार. माइसनच्या तळाशी झिलईखाली निळ्या रंगात दोन परस्परछेदी तलवारी असतात, पण ही खूण इतक्यांनी उचलली की ती एकटी काहीच सिद्ध करत नाही. पॅरिसच्या सॅमसन या कारखान्याने तर १८४५पासून जुन्या कामाच्या नकला हाच व्यवसाय केला. इंग्लिश मालावर १८४२ ते १८८३ या काळातील नोंदणीची चौकटीची खूण, आणि १८८४पासून नोंदणी क्रमांक आढळतो. अमेरिकेच्या १८९०च्या कायद्याने १८९१पासून आयात मालावर देशाचे नाव बंधनकारक झाले, त्यामुळे तळाशी नुसते ‘जर्मनी’ किंवा ‘इंग्लंड’ असे छापलेले दिसले तर ती वस्तू बहुधा त्यानंतरची समजावी. स्टॅफर्डशरच्या मूर्तींत तळाचे छिद्र पाहावे : हाताने साच्यात दाबून केलेल्या जुन्या मूर्तीला भट्टीतील हवा जाण्यापुरते बारीक छिद्र असते, तर घोळ ओतून केलेल्या नव्या नकलेचे छिद्र मोठे आणि वजन हलके. नोटा तपासण्याचा जांभळट अतिनील दिवा मूर्तीवर धरला की नंतर लावलेला रंग आणि चिकटवलेला हात वेगळा चमकतो.

कायद्याची चौकट ठाऊक असणेही आवश्यक आहे. १९७२च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याने ऐतिहासिक मोलाच्या, शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला पुरावशेष ठरवले आहे. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि तिचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो. ती मुळात परदेशात घडली म्हणून तिला सूट मिळेल, असे गृहीत धरू नये.

नागपूरच्या हवेत या वस्तू कशा टिकतील, हा प्रश्न येथील संग्राहकाला युरोपीय पुस्तकांत सापडणार नाही. उच्च तापमानात भाजलेल्या पोर्सेलिनला मे महिन्याचा ताप लागत नाही. परंतु जुन्या दुरुस्तीतील लाख आणि सरस मऊ पडतात, आणि डागडुजी केलेला हात एके दुपारी गळून पडतो. साध्या मातीच्या मूर्तींना खरा त्रास आर्द्रतेच्या चढउताराचा : उन्हाळ्याची कोरडी हवा, कूलरचा ओलावा, मग पावसाळा, आणि या फेऱ्यांत मातीतील क्षार पृष्ठभागावर येऊन झिलई उचलतात. कूलरच्या झोतासमोर कपाट ठेवू नये, जोडलेली मूर्ती गरम पाण्यात बुडवू नये, सोनेरी रेघांवर फडके घासू नये. मऊ कुंचल्याने धूळ झटकणे पुरेसे आहे.

नागपुरात जुन्या वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत, आणि शहराच्या दक्षिणेला बेसा, पिपळा, मनीषनगर अशा वस्त्यांत कुटुंबे सदनिका घेऊन स्थिरावत आहेत. सामान बांधताना काचेच्या कपाटातील लक्ष्मी वर्तमानपत्रात गुंडाळली जाते, पण ती कोणी, कोठून, कोणत्या वर्षी आणली, महालक्ष्म्यांच्या आराशीत तिची पायरी कोणती होती, हे गुंडाळायला कोणाला सुचत नाही. संग्रहालये ज्याला वस्तूची स्वामित्वपरंपरा म्हणतात ती अशा क्षणी तुटते, आणि एकदा तुटली की कोणताही दिवा तिला परत उजळत नाही. घरातील सर्वांत वयस्क स्त्रीला विचारून तिचे उत्तर जाड कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहावे, चिठ्ठी मूर्तीला न चिकटवता तिच्या तळाखाली ठेवावी, आणि मूर्ती व चिठ्ठी यांचे एकत्र छायाचित्र काढून ठेवावे.