कर्नलचा सातबारा

बीगलबोन ब्लॅक हा तळहातावर मावणारा बोर्ड. त्यावर ५१२ एमबी रॅम आहे, पण ती शून्य पत्त्यावर सुरू होत नाही. हेक्समध्ये ८००००००० वर सुरू होते. खालच्या पत्त्यांवर चिपच्या आतली उपकरणं बसली आहेत. पहिला सिरियल पोर्ट ४४ई०९००० वर. लिनक्स कर्नलला यातलं काही आपसूक कळत नाही, लिहून द्यावं लागतं.

पीसीवर कुठे काय आहे याची यादी बायोस किंवा यूईएफआय देतं. एआरएमच्या छोट्या बोर्डांवर पूर्वी प्रत्येक बोर्डासाठी सी भाषेत वेगळी फाइल असे. त्या पसाऱ्यावर २०११ साली लिनस टोरवाल्ड्स जाहीरपणे वैतागले आणि डिव्हाइस ट्रीकडे वळण्याला वेग आला.

डिव्हाइस ट्री म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. तिच्यात मेमरीचा नोड, नोडमध्ये 'रेग'ची ओळ, ओळीत दोन आकडे: ८००००००० आणि २०००००००. पहिला सुरुवातीचा पत्ता, दुसरा लांबी. दुसऱ्याला शेवटचा पत्ता समजणारे नवखे अजून भेटतात. डीटीसी हा कंपायलर या फाइलचं बायनरी करतो आणि यू-बूट हा बूटलोडर ते कर्नलच्या हाती देतो. बऱ्याच बोर्डांवर यू-बूट रॅमचा आकडा परस्पर दुरुस्तही करतो; म्हणजे आपण लिहिलं एक आणि कर्नलने वाचलं भलतंच, असंही होतं.

डिव्हाइस ट्री हा कर्नलचा सातबारा. तो बघून कर्नल व्यवहार करतो, मोजणीला जात नाही. लांबी निम्मी लिहिली तर बोर्ड सुखाने चालतो, अर्धी रॅम पडीक राहते आणि महिनोन्महिने कुणाच्या लक्षातही येत नाही. जास्त लिहिली तर सिरियल कन्सोलवर 'स्टार्टिंग कर्नल' उमटतं आणि पुढे काहीच नाही. त्याहून वाईट म्हणजे सगळं नीट सुरू होतं आणि लोड वाढल्यावर कोलमडतं.

खरी मेख मात्र या सातबाऱ्यातल्या 'इतर हक्कां'त, म्हणजे राखीव मेमरीत आहे. रॅमूप्सचं उदाहरण घ्या. कर्नल कोसळताना शेवटचे संदेश रॅमच्या एका तुकड्यात ठेवतो आणि रीबूटनंतर ते वाचता येतात. तो तुकडा राखीव म्हणून नोंदवला नाही, तर नवा कर्नल तो दुसऱ्याच कामाला देतो आणि पुरावा पुसला जातो. सुरक्षित फर्मवेअरच्या जागेला नुसतं राखीव म्हणूनही भागत नाही; तिथे 'नो-मॅप' लागतं. कारण आपला कोड तिकडे फिरकला नाही तरी प्रोसेसर पुढचा अंदाज बांधून स्वतःच वाचायला जाऊ शकतो. त्या पत्त्याचं मॅपिंगच नसेल तर ती वाट बंद होते. ही एक ओळ राहिली की होणारा बिघाड कधी दिसतो, कधी नाही. माझ्या मते या कामातला सर्वांत चिवट बग हाच.

म्हणून नवा बोर्ड सुरू झाला की ड्रायव्हरना हात लावण्याआधी 'प्रोक'मधली 'आयओमेम' फाइल उघडा आणि चिपच्या मॅन्युअलशी ओळ न् ओळ ताडून पाहा. रूट होऊनच उघडा, नाहीतर सगळे पत्ते शून्य दिसतील.