परवाना आणि झडती

दारूविक्रीचा परवाना घेतला की दुकानाची प्रत्येक खोली अबकारी खात्याला सदैव मोकळी, ही समजूत अर्धीच खरी आहे. निरीक्षकाला विक्रीच्या वेळेत आत येऊ द्यावे, साठा व वह्या दाखवाव्यात, हे बंधन परवानाधारक राजीखुशीने पत्करतो. त्यासाठी वॉरंट लागू नये, हे आम्हांला रास्तच वाटते. परंतु तपासणी वेगळी आणि झडती वेगळी.

आमच्या शेजारी, बेळगावला लागू असलेला कर्नाटकाचा १९६५ चा अबकारी कायदा हा भेद स्पष्ट करतो. कलम ५३ दंडाधिकाऱ्याच्या वॉरंटाचे आहे. वॉरंट आणीपर्यंत गुन्हेगार निसटेल किंवा पुरावा नाहीसा होईल असे वाटल्यास कलम ५४ अन्वये विनावॉरंट झडती घेता येते. मात्र तसे का वाटले, हे अधिकाऱ्याने आधी लिहून ठेवले पाहिजे. के. एल. सुब्बय्या यांच्या प्रकरणात हे लेखनच झाले नव्हते. मोटारीत दारू सापडली असूनही सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली ती झडती अधिकाराबाहेरची ठरवली आणि शिक्षा रद्द केली. एका कागदाच्या अभावी सारा खटला कोसळला!

अमेरिकेत १९७० साली कोलोनेड केटरिंगच्या खटल्यात मद्याच्या कोठाराची किल्ली देण्यास नकार मिळताच संघसरकारच्या अधिकाऱ्यांनी कुलूप फोडले. मद्यव्यवसायाच्या तपासणीसाठी संसद व्यापक अधिकार देऊ शकते, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. पण नकाराबद्दल कायद्यात ५०० डॉलर दंड सांगितलेला असताना बळाने आत शिरण्याची मुभा त्यातून निघत नाही, असा निर्णय दिला.

गोव्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. येथे अनेक गावांत दुकान पुढच्या पडवीत आणि संसार मागच्या खोल्यांत असतो. परवाना पडवीचा आहे. मागच्या खोलीतील पेटाऱ्याचा नव्हे. करचुकवी वा भेसळयुक्त दारू विकणाऱ्यांची आम्हांला तिळमात्र कणव नाही. किंबहुना असले लोक न्यायालयातून सुटू नयेत, म्हणूनच अबकारी आयुक्तांनी आपल्या निरीक्षकांना लेखी आदेश द्यावा: नित्याची तपासणी दुकानापुरती ठेवावी, राहत्या घरात शिरण्यापूर्वी वॉरंट घ्यावे, आणि तेवढा अवधी खरोखरच नसेल तर उंबरठा ओलांडण्याआधी कारणे लिहून त्याखाली वेळ घालून सही करावी.