जुईनगरचा पाऊस आणि मागची दोन चाकं

मारुती 800 वर गाडी शिकलेल्या पिढीच्या पायाला एक सवय जडली आहे. वळणावर गाडी हातातून सुटतेय असं वाटलं की ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. पुढून ओढली जाणारी गाडी बहुतेक वेळा निमूट ताळ्यावर येते. 1983 च्या डिसेंबरात ती गाडी आली, मग सँट्रो, इंडिका, स्विफ्ट आल्या आणि सवय पक्की होत गेली. तोच पाय आता चारशे अश्वशक्तीच्या, मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये बसतो. तिथे भर वळणात पाय झटकन काढला, तर वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीची शेपूट आपल्याला ओव्हरटेक करायला निघते.

अशा गाड्या बघायच्या असतील तर नवी मुंबईतल्या जुईनगरसारखी जागा नाही. स्टेशनच्या एका अंगाला सायन-पनवेल महामार्ग, दुसऱ्या अंगाला थोड्याच अंतरावर पाम बीच मार्ग, महामार्ग ओलांडला की शिरवणे-तुर्भ्याचा एमआयडीसी पट्टा. या पट्ट्यात रसायनांच्या कारखान्यांच्या शेजारी महागड्या गाड्यांची वर्कशॉप्स आहेत. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि रविवारी पहाटे फिरायला निघणाऱ्या गाड्यांना 21.8 किलोमीटरचा आणखी एक सरळ रस्ता मिळाला. बंगळुरूच्या किंवा दिल्लीच्या गाडीप्रेमींना हेवा वाटावा अशी ही सोय. फक्त जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत इथे पाऊस पडतो, आणि तो कसा पडतो हे ज्यांनी 26 जुलै 2005 पाहिला त्यांना सांगायला नको. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाणी पडलं होतं.

मागच्या चाकांना ताकद द्यायचं कारण साधं आहे. गाडी जोरात निघाली की वजन मागे सरकतं. दीड टनाची, अडीच मीटरच्या आतबाहेर व्हीलबेस असलेली बसकी गाडी चांगल्या कोरड्या डांबरावर जोर लावून निघाली, तर दीडशे किलोच्या आसपास भार पुढच्या ॲक्सलवरून मागच्या ॲक्सलवर जातो. म्हणजे जिथे ताकद लावायची तिथेच चाक जमिनीवर अधिक दाबलं जातं. पुढची चाकं वळण्यासाठी मोकळी राहतात, स्टिअरिंग हातात जिवंत वाटतं. पोर्शे 911 मध्ये तर इंजिनच मागच्या ॲक्सलच्या पलीकडे टांगलेलं असतं, त्यामुळे उभ्या गाडीचंही साठ टक्क्यांहून अधिक वजन मागे असतं.

या फायद्यात एक मेख आहे. वजन मागे सरकतं ते गाडी जोर घेऊ शकली तर. ओल्या रस्त्यावर टायरची पकड कमी, म्हणून जोर कमी घेता येतो. जोर कमी म्हणून वजन मागे कमी सरकतं. म्हणून मागची पकड आणखी घटते. पुढून ओढणाऱ्या गाडीला पावसात एवढा दुहेरी फटका बसत नाही.

आता टायरकडे वळू. सध्याच्या 911 कॅरेराच्या पुढच्या टायरवर 235/40 झेडआर 19 आणि मागच्यावर 295/35 झेडआर 20 असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा साइडवॉलची उंची रुंदीच्या टक्केवारीत, शेवटचा रिमचा व्यास इंचांत. त्यापुढे 105 वाय असेल, तर 105 म्हणजे एका टायरने 925 किलो पेलायचे आणि वाय म्हणजे ताशी 300 किलोमीटरपर्यंत टिकायचं. शेजारी एन झिरो किंवा एन वन अशी बारीक खूण असते. ती पोर्शेने त्या गाडीसाठी मान्य केलेल्या टायरची. बीएमडब्ल्यू यासाठी चांदणी छापते, मर्सिडीज एमओ. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं टायर खुणेसह आणि खुणेशिवाय मिळतं, आणि रबराचं मिश्रण व आतली बांधणी वेगळी असू शकते. दुकानदार म्हणतो, "साहेब, माल तोच आहे, खुणेचे पैसे कशाला देता?" माल तोच नसतो.

रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त टेकणारं टायर, हा समज सार्वत्रिक आहे आणि तो बराचसा चुकीचा आहे. टेकणारं क्षेत्रफळ मुख्यतः ठरतं ते त्या चाकावरच्या वजनाने आणि आतल्या हवेने. 911 च्या मागच्या एका चाकावर साडेचारशे किलोहून थोडा अधिक भार आणि 33-34 पीएसआय हवा धरली, तर हिशेब सुमारे दोनशे चौरस सेंटिमीटरवर येतो. टायर रुंद केलं की ते क्षेत्र फारसं वाढत नाही, त्याचा आकार बदलतो. उभट ठसा आडवा होतो: साधारण 29 सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम सात सेंटिमीटर लांब. कोरड्या वळणावर हा आडवा ठसा उत्तम. पाण्यात तोच गोत्यात आणतो, कारण पुढून येणारं सगळं पाणी या सात सेंटिमीटरच्या आत बाजूला सारायचं असतं.

किती पाणी? रस्त्यावर तीन मिलिमीटर थर आहे आणि गाडी ताशी 80 ने चाललीय असं धरा. 295 रुंदीच्या एका टायरला दर सेकंदाला जवळपास 20 लिटर पाणी हटवावं लागतं, म्हणजे पिण्याच्या पाण्याचा एक जार. छोट्या हॅचबॅकच्या 165 च्या टायरला त्याच वेगात 11 लिटर. हे काम करते टायरवरची नक्षी. नव्या टायरवर ती सात-आठ मिलिमीटर खोल असते, कायद्याने कारसाठी किमान 1.6 मिलिमीटर लागते. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपलं. पण 1.6 हा दंड टाळण्याचा आकडा आहे. रुंद टायरवर, जुलैत, माझ्या मते तीन मिलिमीटरच्या खाली गेलेलं टायर घेऊन महामार्गावर जाऊ नये.

नक्षी पुरेना झाली की चाक पाण्यावर चढतं आणि तरंगतं. विमानांच्या टायरवरच्या अभ्यासातून निघालेलं एक जुनं सूत्र आहे: हवेच्या दाबाचं (पीएसआयमधलं) वर्गमूळ घ्यायचं आणि 16.7 ने गुणायचं, की तरंगण्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये येतो. 36 पीएसआयला 100, 25 पीएसआयला 83. कारच्या रुंद टायरला ते तंतोतंत लागू पडत नाही. त्याची प्रत्यक्ष गत यापेक्षा वाईटच. पण हवा कमी ठेवली की पकड वाढते असं पावसाळ्यात सांगणाऱ्या मित्राला हा हिशेब जरूर दाखवा.

इथे ट्रॅक्शन कंट्रोलचं नाव निघतं. त्याच्याबद्दल शोरूममध्ये जे बोललं जातं त्यातून असा ग्रह होतो की संगणक पकड निर्माण करतो. ट्रॅक्शन कंट्रोल हा खजिनदार आहे. खात्यात शिल्लक किती हे टायर आणि रस्ता ठरवतात, त्यातून उधळपट्टी होऊ न देणं एवढंच त्याच्या हाती.

तो हे कसं करतो तेही पाहण्यासारखं आहे. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो, तो चाकाबरोबर फिरणाऱ्या कड्यावरून वेग मोजतो. ही सामग्री मुळात एबीएसची. बॉश आणि मर्सिडीजने ते 1978 मध्ये एस-क्लासमध्ये दिलं. चाकांचा वेग कळतोच आहे, तर ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्राला जोर देताना चाक फिरकू न देणंही शिकवता येईल, हा विचार पुढच्या दशकात प्रत्यक्षात आला. 1995 मध्ये गाडी नुसती घसरतेय का नव्हे, तर भलत्या दिशेला वळतेय का हे ओळखणारं ईएसपी आलं. 1997 मध्ये स्वीडनच्या एका मासिकाने घेतलेल्या चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली. त्या नामुष्कीनंतर कंपनीने ईएसपी त्या गाडीत सरसकट बसवलं आणि महागड्या गाड्यांपुरती असलेली ही यंत्रणा खाली उतरू लागली.

समजा, महामार्गावरच्या उड्डाणपुलाच्या चढावर तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबलात. पुढची चाकं ताशी 50 दाखवतायत, मागची 50, मग एकदम 58. चाक गाडीपेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त फिरेपर्यंत कोरड्यात पकड चांगलीच असते, त्यापुढे ती ढासळते. नियंत्रक इंजिनाचा थ्रॉटल मिटतो, ठिणगी उशिरा टाकतो. एकच चाक फिरकत असेल तर त्याला ब्रेक लावून ताकद दुसऱ्याकडे वळवतो. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकतो. बीएमडब्ल्यूच्या नव्या एम 2 मध्ये ही मुभा दहा पायऱ्यांत कमी-जास्त करता येते. 911 मध्ये 2019 पासून पुढच्या चाकांच्या कमानीत ध्वनी टिपणारे सेन्सर आहेत. उडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकून ते चालकाला वेट मोड लावायला सुचवतात. कान देऊन रस्ता ओळखणारं हे यंत्र मला दहा पायऱ्यांपेक्षा जास्त शहाणं वाटतं.

ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं बटण मुख्यतः गाडी रुतते तेव्हासाठी आहे. अलिबागच्या वाळूत ते जरूर दाबा (त्याआधी मुळात वाळूत उतरू नका). पाम बीचवर नाही.

खजिनदाराला चुकीची वही दिली तर तोही फसतो. 235/40-19 आणि 295/35-20 या जोडीत मागचं चाक पुढच्यापेक्षा साडेसहा टक्के मोठं असतं आणि संगणकाला हे ठाऊक असतं. आता 'जरा रुंद दिसेल' म्हणून कोणी मागे 305/30-20 बसवलं, तर चाकाचा व्यास 714 वरून 691 मिलिमीटरवर येतो. सरळ जातानाही मागची चाकं तीन टक्क्यांहून जास्त वेगाने फिरतात आणि संगणकाला ती घसरल्यासारखी दिसतात. गाडी उगाच अडखळते, मालक वैतागून ट्रॅक्शन कंट्रोल बंद करतो. दुखणं टायरचं आणि तोडलं औषध.

दुसरी खोड ट्रॅकवरची टायर रोज वापरण्याची. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट 4 एसवर झिजेचा आकडा 300 असतो, कप 2 वर 180. कप 2 मऊ, चिकट, खाचा कमी. ती शर्यतीच्या ट्रॅकसाठी आहेत, सानपाड्याच्या सिग्नलसाठी नव्हेत. तुर्भ्याच्या बाजार समितीकडे आणि जेएनपीए बंदराकडे जाणाऱ्या ट्रक-ट्रेलरांचं सांडलेलं डिझेल, धूळ आणि रबराची भुकटी पहिल्या सरीत वर येते. त्यावर पुलांचे लोखंडी सांधे आणि झेब्राचे पांढरे पट्टे. तिथे चिकट रबराला चिकटायला काही मिळत नाही. थंडीसाठीची टायर मात्र आपल्याला लागत नाहीत. नवी मुंबईत उन्हाळी टायर बाराही महिने चालतात, हा कोकणच्या हवेचा एक उपकार.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे वय. अशा गाड्या वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालतात. नक्षी नव्यासारखी राहते आणि मालक समाधानी असतो. रबर मात्र उष्णतेने आणि हवेने आतून कडक होत जातं. साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. सहा वर्षं झाली की टायर बदला असं अनेक कंपन्या सांगतात. दीड-दोन कोटींच्या गाडीत सात वर्षांचं टायर आणि वर इलेक्ट्रॉनिक्सवर भरवसा, याला मी कंजुषी म्हणणार नाही, अज्ञान म्हणेन.

हा श्रीमंतांचा प्रश्न आहे असं वाटून ज्यांनी इथवर वरवर वाचलं असेल, त्यांच्यासाठी एक बातमी. कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी मागच्या चाकांवर चालायची. तिची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. रिमोल्ड टायरवरही ती टॅक्सी मुंबईचे पावसाळे काढू शकली, कारण इंजिनात चाकं फिरकवण्याइतका दमच नव्हता. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून 2023 च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी हद्दपार झाली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 2024 मध्ये, महिंद्राने चाकणला बनणारी बीई 6 आणली. इलेक्ट्रिक, मोटर मागे, ताकदही मागच्याच चाकांना. मोठ्या बॅटरीच्या गाडीत 286 अश्वशक्ती, 380 न्यूटन-मीटर टॉर्क, तोही पाय टेकताक्षणी. इलेक्ट्रिक मोटरचा जोर संगणकाला पेट्रोल इंजिनापेक्षा फार लवकर आवरता येतो, म्हणून पद्मिनीच्या सातपट ताकद सामान्य कुटुंबाच्या हाती देता येते. पण आवरून उरेल तेवढी पकड शेवटी टायरचीच.

तेव्हा गाडी कोणतीही असो, मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी खाली पार्किंगमध्ये जा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि मागच्या दोन्ही टायरवरचे ते चार आकडे वाचा. बाहेरच्या साइडवॉलवर दिसले नाहीत तर आतल्या बाजूला असतात, वाकावं लागेल.