पुरवणीचे पैसे कशाचे?

काळाचौकीतल्या घरात मुलाने एकदा विकत घेतलेल्या व्हिडिओ गेमसाठी पुन्हा पैसे मागितले, तर ते बहुधा ‘डीएलसी’साठी असतात. डीएलसी म्हणजे मूळ खेळाला नंतर डाउनलोड करून जोडायची पुरवणी. २००६ साली ‘ऑब्लिव्हियन’ या खेळाने घोड्याचं नुसतं चिलखत अडीच डॉलरला विकलं. खेळाडू भडकले, आणि तो राग रास्तच होता. उलट ‘विचर ३’ या खेळाच्या ‘ब्लड अँड वाइन’ या पुरवणीत अख्खा नवा प्रदेश आणि नवी कथा होती; २०१६च्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम रोल-प्लेइंग खेळाचा मान या पुरवणीलाच मिळाला. विकलेली पुरवणी नंतर बदलतेही: २०२४मध्ये ‘एल्डन रिंग’ या खेळाची पुरवणी फार अवघड असल्याची ओरड झाली, तेव्हा निर्मात्यांनी काही दिवसांतच ती थोडी सोपी केली. पैसे देण्याआधी पुरवणीत कथा आहे की निव्वळ सजावट, हे मुलाला जरूर विचारा.