पानिपत जिंकलं असतं तर? नकाशा रंगवताना

१४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर मराठे जिंकले असते तर? जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत हीच कल्पना मांडली. अशा ‘जर-तर’च्या इतिहासाचे नकाशे आता घरच्या संगणकावर रंगवता येतात. त्यासाठी गिंपसारखं मोफत सॉफ्टवेअर पुरतं.

आधी फक्त सीमारेषा असलेला कोरा नकाशा घ्या. फाइल पीएनजी हवी. जेपीजीमध्ये फाइल लहान करताना रेषांच्या कडेला पुसट करडे ठिपके उमटतात आणि रंग ओतला की कडेला पांढुरकी किनार राहते. नवी सीमा ब्रशने न काढता पेन्सिल टूलने काढा. ब्रशची कड मऊ असते, पेन्सिलीची स्वच्छ. रेषेत एका पिक्सेलची जरी फट राहिली, तरी अटकेपर्यंत ओतलेला भगवा थेट काबूलपलीकडे पसरतो! तसं झालं तर कंट्रोल-झेड दाबा, फट बुजवा आणि पुन्हा रंग ओता.

नावं, नद्या आणि रंग वेगवेगळ्या लेयरवर ठेवा, म्हणजे एक बदलताना दुसरं बिघडत नाही. थेट अंमल असलेल्या मुलखाला गडद छटा द्या, मांडलिकांना फिकी आणि वादग्रस्त भागाला तिरके पट्टे.

रंगांपेक्षा अवघड काम सीमा ठरवण्याचं. १७५८ मध्ये मराठे खरोखर अटकेपर्यंत पोचले होते, त्यामुळे तिथली रेषा पटते. त्यापुढच्या प्रत्येक रेषेला कारण हवं. आणि नकाशावर ‘काल्पनिक’ असं ठळक लिहायला विसरू नका.