गोवर अंगात शिरतो तेव्हा

पनवेल तालुक्यातल्या ओवे गावी एका आजीने आम्हांला विचारले, "गोवर एकदा आला की पुन्हा येत नाही. मग लस कशाला? येऊन जाऊ द्या की एकदाचा!" आजीचे पहिले बोलणे खरे आहे. दुसरे मात्र फार महागात पडते. कसे ते पाहू.

आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनले आहे. घर विटांचे असते, तसे. पण वीट निर्जीव, आणि पेशी जिवंत. प्रत्येक पेशी म्हणजे एक नांदते घरच म्हणा ना! गोवराचा विषाणू पेशीहून कितीतरी लहान. त्याला स्वतःची चूल नाही. एकट्याने तो वाढूच शकत नाही.

गोवर झालेले मूल खोकले की विषाणू हवेत जातात. मूल निघून गेले तरी दोन तासांपर्यंत ते तिथे राहू शकतात. श्वासाबरोबर ते दुसऱ्याच्या अंगात येतात, पेशीला चिकटतात आणि आत घुसतात. मग तिच्याच चुलीवर आपला स्वैपाक मांडतात! पेशी आपले काम सोडून नवे विषाणू घडवू लागते. ते बाहेर पडून शेजारची पेशी गाठतात. दहा-बारा दिवस हे गुपचूप चालते. मग ताप, खोकला, लाल डोळे आणि शेवटी पुरळ.

शरीर काही स्वस्थ बसत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे आपले राखणदार. काही राखणदार विषाणू शिरलेल्या पेशी हेरून मारतात. अंगावरचे पुरळ ही त्याच लढाईची खूण, देवीचा कोप नव्हे. काही राखणदार प्रतिद्रव्य तयार करतात. ते विषाणूला बिलगते; मग त्याला पेशीत शिरता येत नाही. लढाई संपली तरी काही राखणदार शत्रूचा चेहरा विसरत नाहीत. म्हणून गोवर पुन्हा येत नाही.

पण गोवर मोठा लबाड. तो या राखणदारांनाच मारतो! जुन्या रोगांची ओळख ठेवणारेच मरतात. म्हणून गोवर बरा झाल्यावरही मुलाला न्यूमोनिया, हगवण गाठते. हा धोका कधी दोन-तीन वर्षेही राहतो. २०२२ साली मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ आली, तेव्हा लहान मुले दगावली.

लशीत विषाणूच असतो, पण दुबळा केलेला. राखणदार त्याचा चेहरा ओळखून ठेवतात, आणि मूल आजारातून वाचते. पहिली लस नऊ महिने पुरे झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या आत. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत.

आजींच्या हातावर देवीच्या लशीचा वण होता. ती लस आपल्या देशात पहिल्यांदा मुंबईत टोचली, १८०२ साली, तीन वर्षांच्या एका मुलीला. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही.

आजी वणावर बोट फिरवीत म्हणाल्या, "टोचल्यावर ताप येईल का हो?"

काही मुलांना येतो. तोही बहुधा आठवड्याभराने. कारण दुबळ्या विषाणूलाही वाढायला तेवढे दिवस लागतात. एक-दोन दिवसांत उतरतो.